नातवाचा कॉम्प्युटर आणि माझं पाणी

बऱ्याच दिवसांत इकडे काही लिहिलं नाही. एक-दोघांनी फोन करून विचारलंही, "सर, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. लिहायचं होतं तेच लिहायला जीव धजत नव्हता. आज लिहून टाकतो.

विषय आहे नातवाच्या कॉम्प्युटरचा. हसू नका! बी.ए. मराठीचा मास्तर, जन्म गेला व्याकरण आणि इतिहास शिकवण्यात, आणि आता हा कॉम्प्युटरच्या पोटातल्या पाण्यावर लिहिणार. पण त्या पाण्याने मला गेल्या दिवाळीत दोन दिवस पुरता धडा दिला.

नातू इमारतींची चित्रं करतो. इमारत उभी राहण्याआधी ती कशी दिसेल, खिडकीतून ऊन कुठे पडेल, असली चित्रं. त्यासाठी त्याने २०२२ साली एकेक भाग जमवून घरीच कॉम्प्युटर बांधला. पुढे तो पुण्याला गेला. तिथे तिघांत एक खोली, त्यामुळे यंत्र राहिलं सोलापुरात, माझ्या खोलीत. तो पुण्याहून इंटरनेटवरून त्याच्यावर काम टाकतो आणि ते इथे रात्रभर गुरगुरत बसतं. खिडकी, पंखा आणि वीज यांची जबाबदारी माझी.

या यंत्राला थंड ठेवायला पाणी आहे. म्हणजे काय, ते मला जसं कळलं तसं सांगतो. कॉम्प्युटरचा मेंदू काम करताना तापतो. साध्या यंत्रात त्याच्यावर धातूचा ठोकळा आणि पंखा असतो. नातवाच्या यंत्रात मेंदूवर तांब्याची एक डबी बसवली आहे. तिच्यातून पाणी फिरतं, उष्णता घेतं, नळीतून रेडिएटरकडे जातं. तो अगदी मोटारीच्या रेडिएटरसारखा, फक्त लांबट, आणि त्याला तीन पंखे. तिथे उष्णता हवेत सोडून पाणी छोट्या टाकीत येतं आणि पंप त्याला पुन्हा फेरीवर पाठवतो. सगळं मिळून पाणी जेमतेम लिटरभर.

मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "अरे, पाणीच कशाला?" तो म्हणाला, "आबा, एक लिटर पाणी एक अंशाने तापायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत साधारण साडेतीन हजार लिटर हवा एक अंशाने तापते. एवढी हवा ढकलण्यापेक्षा लिटरभर पाणी फिरवणं सोपं." हे मला पटलं. तो असंही म्हणाला, की पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकालाही असंच, थेट भिडलेल्या द्रवाने थंड ठेवायची सोय केली आहे. लांब कशाला, आपल्या फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, त्यांनाही उजनीचं पाणी लागतंच.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात चुकीची बसली होती. मला वाटायचं, हे आपल्या कूलरसारखं. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, म्हणून खोलीपेक्षा गार वारा मिळतो. इथे पाणी बंद नळीत फिरतं, वाफ होऊन कुठे जात नाही. ते फक्त उष्णता इकडून तिकडे नेणारा हमाल. त्यामुळे ते खोलीपेक्षा गार कधीच होत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ वर गेला आणि खोलीच ३८ वर असली, तर पाणी त्याच्याही वरच राहणार. म्हणून सोलापुरात त्या यंत्राची वाट पुण्यापेक्षा बिकट.

जाताना नातवाने मला एकच काम सांगितलं होतं. टाकीवर त्याने काळ्या पेनाने रेघ मारली आणि म्हणाला, "आबा, नळ्यांतून थोडं पाणी हळूहळू उडतं. पातळी या रेघेच्या खाली गेली की मला फोन करा. मी आल्यावर भरेन. तुम्ही काही घालू नका."

एप्रिलच्या शेवटी पातळी रेघेखाली गेली.

मी फोन केला नाही. पोरगं कामात असेल, एवढ्याशा पाण्यासाठी त्याला कशाला बोलवायचं, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. एवढंसं काम आपल्याला जमत नाही असं त्याला वाटू नये, हे खरं कारण. स्वयंपाकघरातून फिल्टरचं पाणी फुलपात्रात घेतलं, तेलाचं नरसाळं पुसून घेतलं आणि दिलं ओतून. जे पाणी आपण पितो ते यंत्राला का चालू नये? पातळी रेघेवर आली. मला फार बरं वाटलं. जूनमध्ये पुन्हा घातलं, ऑगस्टमध्ये पुन्हा. झाकण आवळायला बोटांत जोर लागतो, तेही मी सैलच ठेवत होतो.

टाकीतलं पाणी मुळात गुलाबी होतं, सरबतासारखं. गणपतीच्या सुमारास ते मळकट दिसायला लागलं. मी पाहिलं आणि म्हटलं, खोलीत उजेड कमी आहे.

पितृपक्षात एका रात्री यंत्र आपोआप बंद पडलं. नातवाने पुण्याहून चालू करायला सांगितलं, मी केलं, तासाभरात पुन्हा बंद. अति तापलं की ते स्वतःला वाचवायला बंद होतं, हे मला नंतर कळलं. त्या रात्रीचं काम वेळेत गेलं नाही. ज्याचं होतं त्याने पुढचं काम दुसऱ्याला दिलं. नातू फोनवर फक्त एवढंच म्हणाला, "असू द्या आबा, दिवाळीला येऊन बघतो."

दिवाळीला आला. बॅग ठेवली आणि टाकीकडे बघून म्हणाला, "हे काय झालं?" गुलाबी रंगाचा पत्ता नव्हता. शेवाळी, गढूळ पाणी, आणि नळीच्या आत बुळबुळीत थर. त्याने यंत्राला जड काम लावलं, तर दहा मिनिटांत आकडा ९४ वर. पंखे नुसते किंचाळत होते.

तो त्याच्या खुर्चीत बसून राहिला. मग म्हणाला, "दुकानदाराने मला डुप्लिकेट पाणी विकलं. दोन-तीन वर्षं टिकतं म्हणाला होता." त्याने फोटो काढले आणि त्या पुण्याच्या दुकानदाराला तक्रार लिहायला घेतली. भरपाई मागणार होता. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "आधी जेवून घे." मी पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर धरून बसलो होतो.

बोललो नाही मी.

मंडळी, छत्तीस वर्षं मी वर्गात उभं राहून "ज्याने केलं असेल त्याने हात वर करा" असं म्हणत आलो. हात वर करणाऱ्या मुलाला मी कधी मारलं नाही, हा माझा अभिमान होता. त्या रात्री मला कळलं, की हात वर करणं किती जड असतं. समोर मास्तर नव्हता, छडी नव्हती. माझ्याच मांडीवर वाढलेला पोरगा होता. तरी हात उचलला जात नव्हता. उलट मनात येत होतं, दुकानदाराचं तरी काय जातंय, बाटलीत खरंच खोट असेल तर?

रात्री दोन वाजता उठून पाणी प्यायलो. त्याच फिल्टरचं.

सकाळी चहाला तो बसला तेव्हा म्हटलं, "ती तक्रार पाठवलीस का रे?"

"नाही अजून. का?"

"पाठवू नकोस. पाणी मी घातलं होतं. तीन वेळा. फिल्टरचं."

त्याने कप खाली ठेवला. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग विचारलं, "मी नको म्हणालो होतो ना आबा?"

"म्हणाला होतास."

"एक फोन केला असता तर..." आणि तो उठून गच्चीवर गेला. अर्ध्या तासाने खाली आला. डोळे अजून रागातच होते, पण हातात पेचकस होता. "चला," म्हणाला, "आता तुम्हीच धुवायचं. मी नुसता सांगणार."

तर मंडळी, पुढचे दोन दिवस मी नातवाच्या हाताखाली उमेदवारी केली.

पहिलं काम, वायर भिंतीतून काढणं. नुसतं बटण बंद करून चालत नाही. मग खाली बादली ठेवून सर्वांत खालची तोटी उघडली. पाणी थेंबथेंबच. तो म्हणाला, "वरचं झाकण उघडा." उघडल्याबरोबर धार लागली. तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडतो, तेच हे. हवा आत आल्याशिवाय द्रव बाहेर येत नाही. उरलेलं पाणी यंत्र पुढे-मागे कलंडवून काढलं. वास आला, फुलदाणीतल्या जुन्या पाण्याचा.

मग तांब्याची डबी उघडली. आतलं बघून मी थक्क झालो. तांब्याच्या तळाला बारीक बारीक चिरा कोरलेल्या असतात, फणीच्या दातांसारख्या, पण इतक्या बारीक की नखसुद्धा जात नाही. पाणी त्यांतून जातं म्हणून उष्णता पटकन उचलतं. त्या चिरा मधोमध हिरवट लगद्याने बुजल्या होत्या आणि कडेला पांढरट खार होता.

नातवाने समजावलं, फिल्टर पाण्यातले सगळे क्षार काढत नाही. काही फिल्टरमध्ये तर चवीसाठी थोडं मूळ पाणी मुद्दाम मिसळतात. मूळच्या गुलाबी पाण्यात शेवाळ न होऊ देणारं आणि धातू गंजू न देणारं औषध असतं. मी पाणी घालघालून ते पातळ केलं. सैल झाकणातून धूळ आणि जंतू गेले, नरसाळ्याचं तेल गेलं. नळ्यांचं प्लॅस्टिक मऊ ठेवणारा पदार्थही हळूहळू सुटतो, तोही त्या चिरांतच येऊन बसतो. म्हणजे सगळा दोष एकट्या फुलपात्राचा नव्हता. पण मोठा वाटा त्याचाच.

तो पांढरा खार बघताना मला माझे वडील आठवले.

वडील गिरणीत बॉयलर खात्यात होते. सोलापुरात पहिली गिरणी, जिला आपण जुनी गिरणी म्हणतो, १८७७ साली सुरू झाली. पुढे कितीक झाल्या. १९२३ च्या बॉयलर कायद्याप्रमाणे वर्षातून एकदा बॉयलर थंड करून, उघडून, साफ करून तपासनिसाला दाखवावा लागे. त्या दिवसांत वडील घरी येत ते पांढरे होऊन. केस, भुवया, मिशा, सगळं पांढरं. आत शिरून, वाकून, हातोडीने खार ठोकून काढायचा. मी एकदा विचारलं होतं, एवढ्याशा पापुद्र्याने काय होतं? ते म्हणाले, "पोरा, पाणी आणि पत्रा यांच्यात काही आलं की पत्रा जळतो. पाणी शेजारी असून उपयोग नाही, त्याला पत्र्याला हात लावता आला पाहिजे."

मी तेव्हा आठवीत होतो. वाक्य लक्षात राहिलं, अर्थ राहिला नव्हता. तो आत्ता पंचाहत्तरीजवळ आल्यावर, तळहाताएवढ्या डबीत सापडला.

तांबं म्हटल्यावर मी साहजिकच म्हटलं, "चिंच लाव." आमचा न्हाणीघरातला बंब आई चिंचेनेच लखलखीत करायची. नातू पहिल्यांदा हसला. "आबा, कल्पना बरोबर आहे, आंबट तेच काम करतं. पण चिंचेच्या रेषा या चिरांत अडकल्या तर काढायच्या कशा?" म्हणून पांढरं व्हिनेगर पाण्यात पातळ करून तळ त्यात थोडा वेळ बुडवला, आणि मऊ दात-ब्रशने चिरांच्या दिशेनेच घासला. आडवं घासायचं नाही, घासायची पावडर तर अजिबात नाही. शिवाय हा तळ नुसत्या तांब्याचा होता म्हणून व्हिनेगर चाललं. वर निकेलचा मुलामा असता तर ते नको, मुलामा खराब होऊ शकतो. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने खळखळून धुतला. भांड्यात काळपट-हिरवं उतरलं आणि तळ असा निघाला, की आईने पाहिला असता तर खूश झाली असती.

डिस्टिल्ड पाणी मी स्वतः जाऊन आणलं, शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना सामान देणाऱ्या दुकानातून. पाच लिटरचे दोन कॅन. रेडिएटरमध्ये कोमट डिस्टिल्ड पाणी अर्धं भरायचं, तोंडं बंद करायची, लहान मुलाला जोजवावं तसं हलवायचं आणि ओतायचं. पहिल्या खेपेला गाळ, चौथ्या खेपेला बारीक कण, सातव्या खेपेला पाणी स्वच्छ. मी प्रत्येक खेपेचं पाणी पांढऱ्या वाटीत धरून बघत होतो. इतक्या बारकाईने मी कधी पेपर तपासले नसतील.

नळ्या सगळ्या नव्या घातल्या. जुन्या आतून इतक्या ढगाळ झाल्या होत्या, की धुऊन उपयोग नव्हता. नळी कापताना काप अगदी सरळ हवा. डबी बंद करताना रबराचं कडं खोबणीत नीट बसवायचं, आणि चार स्क्रू एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. मेंदूवरची जुनी पेस्ट स्पिरिटने पुसून नवी लावली, वाटाण्याएवढी. नातवाने एक ताकीदही दिली. असल्या फेरीत तांब्याच्या सोबत ॲल्युमिनियमचा भाग कधी घालायचा नाही. एकाच पाण्यात दोन धातू आले की बॅटरीसारखा प्रकार होऊन ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

मग परीक्षा. पाणी भरायचं, पण वीज फक्त पंपाला द्यायची, बाकी यंत्राला नाही. गळती झालीच तर ओलं होईल, जळणार नाही. डिस्टिल्ड पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही म्हणतात, पण धूळ आणि धातूचा स्पर्श झाला की त्याचा काही भरवसा नाही. पंप कोरडा चालवायचा नाही. थोडं चालवायचं, टाकी उतरली की बंद, भरायचं, पुन्हा चालू. यंत्र कलंडवून बुडबुडे काढायचे. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर.

दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नानाला उठलो तो आधी बॅटरी घेऊन टिश्यू बघायला गेलो. सात जोडांखाली कोरडे. आठव्याखाली रुपयाएवढा ओला ठिपका. तो जोड मी आवळला होता. बोटांत जोर कमी पडला होता.

या वेळी मी क्षणही घालवला नाही. पांघरूण ओढून झोपलेल्या पोराला हलवलं. "अरे ऊठ. माझा जोड गळतोय."

तो उठला, बघितलं, पाणी थोडं उतरवलं, जोड काढला. रबराचं कडं जरासं पिळलं होतं. नवं घातलं आणि पाना माझ्या हातात दिला. "तुम्हीच आवळा. हाताने बसेपर्यंत फिरवा, मग पान्याने अगदी किंचित. जोर लावायचा नाही." त्यानंतर चोवीस तास पंप चालला, आठही टिश्यू कोरडे राहिले. मग नवं गुलाबी पाणी भरलं. तेच जड काम लावलं तर आकडा ७१ वर थांबला. पंखे इतके शांत, की ही विचारायला आली, चालू आहे का बंद.

जाताना मी म्हटलं, "त्या गेलेल्या कामाचं काय?" तो म्हणाला, "ते गेलं आबा." त्याने ते गोड करून सांगितलं नाही, आणि मला तेच बरं वाटलं. मी चुकलो म्हटल्याने गेलेलं काम परत येत नाही. फक्त एका दुकानदाराला न केलेल्या चुकीची तक्रार गेली नाही, एवढंच.

आता मी एक वही केली आहे. दर रविवारी तारीख, खोलीचं तापमान, टाकीची पातळी, पाण्याचा रंग आणि कामावर असतानाचा आकडा. गिरणीत बॉयलरची अशीच वही असायची, वडिलांच्या तिरक्या अक्षरातली एक मी लहानपणी पाहिली आहे. दर सहा महिन्यांनी बारीक तपासणी आणि वर्षाने पाणी बदलायचं, असं ठरलं आहे. डिस्टिल्ड पाण्याची एक बाटली कपाटात आहे, नातवाने दिलेली, वर त्याच्या अक्षरात लिहिलेलं: "आबा, आधी फोन."

गेल्या रविवारी पातळी रेघेच्या जरा खाली होती. फोन केला. तो मीटिंगमध्ये होता, कुजबुजत म्हणाला, "किती खाली?" मी म्हटलं, "करंगळीच्या नखाएवढी." तो म्हणाला, "घाला तुम्ही. झाकण आवळा."

घातलं. आवळलं. वहीत नोंद केली.

असो. बंब, कूलर, गाडीचा रेडिएटर, घरोघरी पाणी आपापला खार ठेवून जात असतंच. तुमच्याकडे असा कुठे साठला असेल आणि कसा काढलात, जरूर लिहा. तूर्तास एवढंच.